गेमची भाषा कशी ठरते

कॉम्प्युटर गेम आणि इतर सॉफ्टवेअर यांच्यातला मुख्य फरक वेळेचा आहे. बँकेच्या संकेतस्थळावर खातेउतारा उघडायला दोन सेकंद लागले तर ग्राहक जरा वैतागतो, पण त्याचे काम होते. गेममध्ये पडद्यावरचे चित्र साधारणपणे सेकंदाला 60 वेळा नव्याने काढावे लागते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला 16.67 मिलिसेकंद येतात. या एका चित्राला फ्रेम म्हणतात. तेवढ्या अवधीत खेळाडूने कोणते बटण दाबले ते पाहायचे, प्रत्येक पात्राला पुढच्या जागी न्यायचे, कोण कोणावर आदळले ते तपासायचे, शत्रूंनी आता काय करायचे ते ठरवायचे, आवाज मिसळायचे आणि सगळे दृश्य ग्राफिक्स कार्डाकडे रवाना करायचे. एखाद्या फ्रेमला 25 मिलिसेकंद लागले तर चित्र अडखळते आणि सवयीच्या खेळाडूला ते लगेच जाणवते. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर संचात अनेकदा सेकंदाला 90 फ्रेम लागतात. तिथे मुदत 11.1 मिलिसेकंदांवर येते आणि ती वारंवार चुकली तर खेळणाऱ्याला मळमळू लागते.

गेमसाठी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा घ्यावी हा प्रश्न या मुदतीपासून सुरू होतो. त्यात आणखी बऱ्याच गोष्टी मिसळतात: गेम कोणत्या यंत्रावर चालायचा आहे, तो एकटा माणूस बनवणार की शंभर जण, त्या शंभरांत प्रोग्रॅमर किती आणि चित्रकार किती, आणि गेम किती वर्षे चालता ठेवायचा आहे. शिवाय आज बहुतेक गेम एकाच भाषेत लिहिलेले नसतात. इंजिनाचा, म्हणजे चित्र, आवाज, टकरी सांभाळणाऱ्या पायाभूत प्रोग्रॅमचा, गाभा एका भाषेत, खेळाचे नियम दुसऱ्या भाषेत आणि ग्राफिक्स कार्डावर चालणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम तिसऱ्याच भाषेत, अशी वाटणी असते. म्हणून सर्वांत चांगली भाषा कोणती, असे विचारून हाती फारसे लागत नाही. कोणते काम कोणत्या भाषेकडे सोपवायचे, या प्रश्नाला मात्र नेमकी उत्तरे मिळतात.

यंत्रभाषेपासून सीपर्यंत

अटारी कंपनीच्या 1972 सालच्या 'पाँग'मध्ये प्रोग्रॅमच नव्हता. ॲलन अल्कॉर्न यांनी चेंडू, फळ्या आणि गुण हे सगळे इलेक्ट्रॉनिक मंडलांत बसवले होते. त्याआधी दहा वर्षे, 1962 मध्ये, एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-1 या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' लिहिला तो असेम्ब्ली भाषेत. असेम्ब्लीत प्रत्येक ओळ म्हणजे प्रोसेसरला दिलेली जवळजवळ एकेक आज्ञा: ही संख्या उचल, त्या संख्येत मिळव, अमुक ठिकाणी ठेव.

पुढची दोन दशके गेमचे बरेचसे काम असेम्ब्लीतच चालले, कारण यंत्रे फार लहान होती. 1977 च्या अटारी 2600 मध्ये 128 बाइट मेमरी होती. देवनागरीतले हे एक वाक्य आजच्या पद्धतीने साठवायचे तरी 128 बाइट पुरत नाहीत. तेवढ्यात अख्खा गेम स्वतःची स्थिती लक्षात ठेवत असे.

मंद यंत्र खेळाला कसा आकार देते, हे 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये स्पष्ट दिसते. जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी इंटेल 8080 प्रोसेसरवर तो बनवला. पाच रांगांत अकरा-अकरा असे 55 परग्रहवासी पडद्यावर असत. एवढ्या सगळ्यांना एकाच फ्रेममध्ये हलवणे त्या प्रोसेसरला झेपणारे नव्हते, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये एकच परग्रहवासी पुढे सरके. संपूर्ण फौजेला एक पाऊल टाकायला 55 फ्रेम, म्हणजे जवळपास एक सेकंद लागे. खेळाडूने निम्मे टिपले की पाऊल निम्म्या वेळात पडे. शेवटचा एकटा उरला की तो दर फ्रेमला सरकू लागे आणि अंगावर धावून आल्यासारखा वाटे. शत्रू जितके कमी तितका त्यांचा वेग जास्त, हा नियम असा यंत्राच्या मर्यादेतून आला. निशिकादो यांनी तो तसाच ठेवला आणि खेळाची सारी चुरस त्यावर उभी राहिली.

असेम्ब्लीने वेग मिळतो, पण लिहिलेला कोड त्या एका जातीच्या प्रोसेसरला बांधला जातो. 1999 चा 'रोलरकोस्टर टायकून' ख्रिस सॉयर यांनी 99 टक्के असेम्ब्लीत लिहिला. विंडोज आणि डायरेक्टएक्स यांच्याशी बोलण्यापुरता थोडासा सी वापरला. शेकडो पाहुणे बागेत फिरत असतानाही तो त्या काळच्या साध्या पीसीवर सहज चाले. पुढे चाहत्यांनी त्याचा दुसरा भाग इतर यंत्रांवर नेण्यासाठी उलगडून नव्याने लिहायला घेतला तेव्हा त्या कामात वर्षे गेली.

याच्या अगदी उलट गोष्ट 'डूम'ची. इड सॉफ्टवेअरने 1993 मध्ये तो जवळजवळ पूर्णपणे सी भाषेत लिहिला. भिंती आणि जमीन रंगवणारे काही तुकडेच असेम्ब्लीत होते, कारण फ्रेमचा बराचसा वेळ तिथे जात असे. गेम खेळला जायचा डॉसवर, पण त्याचा विकास चालला होता नेक्स्ट कंपनीच्या वेगळ्या जातीच्या कॉम्प्युटरांवर. सीमुळे हे जमले. 1997 च्या अखेरीस त्याचा कोड खुला झाला आणि सीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर मिळेल त्या यंत्रावर लोकांनी डूम चढवला. कॅमेऱ्यापासून प्रिंटरपर्यंत तो चालून झाला आहे. नव्वद टक्के कोड कुठेही नेता येईल असा लिहायचा आणि वेळ खाणाऱ्या दहा टक्क्यांवर हाताने मेहनत घ्यायची, ही कामाची रीत तेव्हापासून रुळली आणि आजही मोडलेली नाही.

सी प्लस प्लस का टिकून आहे

गेम मोठे होऊ लागले तसा कोडही लाखो ओळींचा झाला. तो नीट बांधून ठेवण्यासाठी सीमध्ये वर्ग वगैरे सोयी घालून तयार झालेली सी प्लस प्लस पुढे आली. 2004 च्या 'डूम 3'पर्यंत इड सॉफ्टवेअरही तिच्याकडे वळले होते. आज प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवरच्या मोठ्या गेमांच्या इंजिनांचा गाभा मुख्यतः याच भाषेत असतो.

याचे कारण समजण्यासाठी मेमरीकडे पाहावे लागते. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका कोअरला एका फ्रेममध्ये सुमारे पाच कोटी ठोके मिळतात. आकडा मोठा वाटतो. पण प्रोसेसरला हवी असलेली संख्या जवळच्या कॅश नावाच्या छोट्या, वेगवान मेमरीत नसेल आणि मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर तिथेच दोन-तीनशे ठोके वाया जाऊ शकतात. मुख्य मेमरीतून एक संख्या मागवली तरी प्रोसेसर तिच्या आजूबाजूचा, बहुतेक यंत्रांत 64 बाइटांचा, सबंध तुकडा उचलतो. दहा हजार कणांची धूळ उडवायची असेल आणि सगळ्या कणांच्या जागा मेमरीत ओळीने लागून ठेवल्या असतील, तर एकदा आणलेल्या तुकड्यातून पुढचे कित्येक कण आयते मिळतात. तेच कण मेमरीभर विखुरलेले असतील तर जवळजवळ प्रत्येकासाठी वेगळी खेप करावी लागते. गणित तेच, पण वेळ कित्येक पट. कोणती गोष्ट मेमरीत कुठे आणि कशी बसेल हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार सी आणि सी प्लस प्लस प्रोग्रॅमरच्या हातात देतात. पायथनमध्ये यादीत संख्या ठेवली तर यादीत फक्त पत्ता राहतो आणि खरी संख्या भलतीकडेच असते.

या अधिकाराबरोबर जबाबदारीही येते, आणि ती हलकी नाही. शत्रूच्या विमानाचा पाठलाग करणारे एक क्षेपणास्त्र घेऊ. क्षेपणास्त्राने विमानाचा मेमरीतला पत्ता जवळ ठेवला आहे. तेवढ्यात दुसऱ्याच गोळीने विमान पडले आणि त्याची मेमरी मोकळी करण्यात आली. क्षेपणास्त्राकडचा पत्ता मात्र तसाच राहिला. त्या जागेवर आता एखादे झाड नोंदले गेले असेल तर क्षेपणास्त्र झाडामागे लागेल, आणि तिथे कसलाच अर्थ न लागणारी माहिती असेल तर गेम बंद पडेल. वाईट म्हणजे हे दरवेळी घडत नाही. चाचणीत शंभरदा नीट चाललेला गेम विक्रीला गेल्यावर कोसळतो. म्हणून अनुभवी मंडळी पत्त्याऐवजी क्रमांक देतात आणि त्या क्रमांकाला पिढीचा आकडा जोडतात. जागा नव्या वस्तूला मिळाली की पिढी एकाने वाढते, आणि जुना क्रमांक घेऊन आलेल्याला 'ते विमान आता नाही' असे उत्तर मिळते.

2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट ही भाषा असे लटकते पत्ते कंपायलरच्या पातळीवरच अडवते आणि वेगात सी प्लस प्लसच्या जवळ राहते. तिच्यातले बेव्ही हे इंजिन 2020 पासून वाढते आहे. पण गेममध्ये प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला हात लावत असते आणि रस्टला नेमके तेच खटकते. शिवाय कंपायल होण्याची वाट पाहावी लागते. सुरक्षितता हवीच असलेल्या इंजिनबांधणीसाठी ती चांगली. महिन्याभरात खेळाची कल्पना पडताळून पाहायची असेल तर मात्र ती जड जाते.

वरच्या थरासाठी स्क्रिप्ट

नायकाची उडी किती उंच असावी, हे विचार करून ठरत नाही. उडी मारून, आकडा बदलून, पुन्हा उडी मारूनच ते ठरते. मोठ्या सी प्लस प्लस प्रकल्पात एक आकडा बदलला की कंपायल करून गेम पुन्हा सुरू करण्यात मिनिटे जातात. दिवसभरात असे पन्नास बदल करायचे असतील तर निम्मा दिवस वाट पाहण्यात संपतो. शिवाय पातळ्या आखणारा डिझायनर किंवा संवाद लिहिणारा लेखक सी प्लस प्लस शिकलेला असेलच असे नाही. म्हणून जड कामे खालच्या थरात ठेवून त्यावर हलकी, चटकन बदलता येणारी स्क्रिप्टची भाषा बसवण्याची प्रथा पडली.

लुकासफिल्म गेम्समध्ये 1987 च्या 'मॅनिएक मॅन्शन'साठी रॉन गिल्बर्ट आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी 'स्कम' नावाची अशी भाषा रचली. एखादे पात्र दारापर्यंत चालत जाते, दार उघडते, संवाद म्हणते, हे सारे तीत लिहायचे आणि प्रत्येक यंत्रासाठी स्कम चालवणारा प्रोग्रॅम तेवढा वेगळा बनवायचा. या एका भाषेवर पुढे दहा वर्षे गेम निघत राहिले. 1996 च्या 'क्वेक'मध्ये गाभा सीचा होता आणि शस्त्रे व राक्षस यांचे वागणे 'क्वेकसी' नावाच्या छोट्या भाषेत होते. ही भाषा खेळाडूंच्याही हाती पडली आणि त्यांनी तिच्यातून नवनवे खेळ घडवले.

प्रत्येक कंपनीने स्वतःची भाषा बनवायची हा खटाटोप हळूहळू कमी झाला, तो ब्राझीलमधून आलेल्या लुआमुळे. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात 1993 मध्ये तयार झालेली ही भाषा इतकी आटोपशीर आहे की तिचा सगळा पसारा काहीशे किलोबाइटांत मावतो आणि सीच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ती सहज जोडता येते. 1998 चा 'ग्रिम फँडँगो', 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', 'फॅक्टोरियो' अशा वेगवेगळ्या प्रकृतीच्या गेमांनी तिला जवळ केले. 'फॅक्टोरियो'तली वाटणी फार सुबक आहे. हजारो पट्टे आणि लाखो वस्तू हलवणारा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, तर वस्तूंची वर्णने आणि खेळाडूंनी केलेली भर लुआत. पायथननेही हे काम केले आहे. 2005 चा 'सिव्हिलायझेशन 4' बदलून पाहण्याची सोय पायथनमध्ये होती. आइसलँडमधल्या 'ईव्ह ऑनलाइन'चा सर्व्हर 2003 पासून पायथनच्या एका खास रूपावर चालतो. नुसत्या पायथनच्या लूपमध्ये हजारो गोळ्यांच्या टकरी तपासायला घेतल्या तर मात्र सीच्या तुलनेत वेग दहापटीहूनही कमी पडू शकतो.

कचरा उचलण्याचा प्रश्न

जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट, पायथन आणि लुआ या भाषांत वापरून झालेली मेमरी प्रोग्रॅमरला स्वतः मोकळी करावी लागत नाही. कोणत्या वस्तूंकडे आता कुणाचाच निर्देश उरलेला नाही ते भाषाच शोधते आणि ती जागा परत घेते. वर सांगितलेला क्षेपणास्त्राचा घोटाळा त्यामुळे टळतो. पण ही सफाई कधी सुरू व्हायची ते भाषा ठरवते, आणि सफाईला 20 मिलिसेकंद लागले तर एक फ्रेम हातची गेलीच.

अशी वापरून झालेली मेमरी म्हणजे कचरा, आणि तो बहुतेक वेळा नकळत तयार होतो. पडद्याच्या कोपऱ्यात 'गुण: 120' दाखवण्यासाठी प्रत्येक फ्रेममध्ये शब्द आणि आकडा जोडून नवी अक्षरमाला बनवली जाते. गुण बदललेले नसले तरी सेकंदाला 60 आणि मिनिटाला 3600 अक्षरमाला मेमरीत जमा होतात. त्यात सुटणारी प्रत्येक गोळी नवी वस्तू म्हणून बनवली तर ढीग आणखी वाढतो. यावरचे उपाय साधे आहेत. गुण बदलले तेव्हाच अक्षरमाला बनवायची. गोळ्या गेम सुरू होतानाच दोनशे बनवून ठेवायच्या, उडालेली गोळी नष्ट न करता बाजूला ठेवायची आणि पुढच्या वेळी तीच वापरायची. एवढी शिस्त पाळली तर सी शार्पमध्ये किंवा जावामध्ये उत्तम वेगाचे गेम होतात. ती पाळली नाही तर दोष भाषेच्या माथी मारला जातो, आणि हे फार वेळा घडते.

जावाचे सर्वांत ठळक उदाहरण 'माइनक्राफ्ट'. मार्कस पर्सन यांनी 2009 मध्ये तो लोकांसमोर आणला तेव्हा इतक्या मोठ्या त्रिमितीय जगासाठी जावा ही चाकोरीबाहेरची निवड होती. गेम काही वेळा अडखळे, मेमरीही भरपूर लागे. पण जावाचा कंपायल झालेला कोड पुन्हा वाचण्याजोगा करणे सोपे असते. खेळाडूंनी तो उघडला, समजून घेतला आणि हजारो बदल करून वाटले. माइनक्राफ्टभोवती जी दुनिया उभी राहिली तिचे बरेचसे श्रेय या उघडेपणाला जाते. फोन आणि गेम कन्सोल यांच्यासाठीची आवृत्ती मात्र सी प्लस प्लसमध्ये वेगळी लिहावी लागली, आणि आजही दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत आहेत. 2023 पर्यंत या गेमची विक्री 30 कोटींवर गेली होती.

इंजिन निवडले की भाषा आली

आज नवा गेम करणारे बहुतेक जण भाषा निवडण्याआधी इंजिन निवडतात. चित्र रंगवणे, टकरी तपासणे, आवाज, वेगवेगळ्या यंत्रांसाठी बांधणी ही कामे इंजिनात तयार मिळतात. ती स्वतः लिहायला घेतली तर खेळाला हात घालेपर्यंत दोन वर्षे निघून जाऊ शकतात.

2005 मध्ये आलेल्या युनिटीचा गाभा सी प्लस प्लसचा आहे आणि खेळाचे नियम सी शार्पमध्ये लिहायचे असतात. सुरुवातीला जावास्क्रिप्टसारखी दिसणारी आणखी एक भाषा आणि बू नावाची तिसरी भाषाही तिथे होती. वापर घटत गेला तशा दोन्ही काढून टाकल्या. आयफोनवर चालत्या प्रोग्रॅमला नवा यंत्रकोड तयार करण्याची परवानगी नसते. त्यामुळे युनिटी सी शार्पचे रूपांतर आधी सी प्लस प्लसमध्ये करून मग ते कंपायल करते. सी शार्प निवडणाऱ्याला सी प्लस प्लसचा वेग काही अंशी असा मागच्या दाराने मिळतो. 2017 चे 'होलो नाइट' आणि 'कपहेड' युनिटीत घडले.

अनरियल हे इंजिन 1998 च्या त्याच नावाच्या गेमबरोबर आले. त्याला अनरियलस्क्रिप्ट नावाची स्वतःची भाषा होती. 2014 मध्ये चौथी आवृत्ती आणताना ती मोडीत काढली आणि कामाची विभागणी सी प्लस प्लस व ब्लूप्रिंट यांच्यात केली. ब्लूप्रिंटमध्ये ओळी लिहायच्या नसतात. चौकटी मांडून त्या रेषांनी जोडायच्या असतात, त्यामुळे चित्रकार आणि डिझायनरही स्वतः नियम बसवू शकतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा 2020 चा गेम अनरियलच्या चौथ्या आवृत्तीत बनलेला आहे. राजस्थानी वास्तुकलेची आणि लघुचित्रांची छाप असलेले त्याचे दृश्यरूप पाहिले की मोजक्या माणसांच्या चमूने रंगचित्रणाची जड कामे इंजिनावर का सोपवावीत, ते कळते.

गोडो हे अर्जेंटिनात जन्मलेले इंजिन 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले. त्यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा दिसायला पायथनसारखी आहे. निर्मात्यांनी आधी लुआ आणि पायथन दोन्ही जोडून पाहिले होते. परक्या भाषेचा इंजिनाच्या मेमरीशी मेळ बसवण्यातच श्रम जातात असे दिसल्यावर त्यांनी स्वतःची भाषा रचली. जीडीस्क्रिप्ट वेगवान नाही. मात्र तिच्या एका ओळीमागे इंजिनातला सी प्लस प्लस राबत असतो, आणि छोट्या व मध्यम गेमांना तेवढे पुरते. वेग कमी पडला तर तेवढाच भाग सी शार्प किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिता येतो. नवशिक्यासाठी आज याहून सोयीचे प्रवेशद्वार सापडणे कठीण आहे.

इंजिनाबरोबर त्याच्या मालकाचे धोरणही पत्करावे लागते. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने गेम इन्स्टॉल होण्यावर शुल्क आकारण्याची घोषणा केली तेव्हा जगभरच्या छोट्या निर्मात्यांत मोठी खळबळ उडाली, आणि वर्षभराने ती योजना मागे घ्यावी लागली. दरम्यान अनेकांनी गोडोची चाचपणी सुरू केली. ज्यांचा हजारो ओळींचा कोड युनिटीच्या सोयींना चिकटून लिहिलेला होता त्यांना ते सहज जमण्यासारखे नव्हते. खेळाचे नियम आणि इंजिनाला केलेली विनंती यांच्यात थोडे अंतर राखून कोड लिहिणे अशा वेळी कामी येते.

पूर्ण इंजिन न घेता मधला मार्गही आहे. 2016 चा 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन यांनी एकट्याने सी शार्पमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या चौकटीवर (फ्रेमवर्कवर) बनवला. 2018 चा 'सेलेस्ट'ही सी शार्पचाच. त्यातल्या नायिकेच्या हालचालींचा कोड निर्मात्यांनी नंतर सर्वांसाठी ठेवला. ती एकच फाइल पाच हजारांहून अधिक ओळींची आहे. पाठ्यपुस्तकी नियमांनी पाहिले तर ती तोडून लहान फाइली करायला हव्या होत्या. पण चालणे, उडी, भिंतीला धरणे, झेप या सगळ्या क्रिया एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की त्या एकाच ठिकाणी दिसणे निर्मात्यांना सोयीचे वाटले. 2024 चा 'बलात्रो' लुआवर चालणाऱ्या लव्ह या छोट्या चौकटीत एका माणसाने लिहिला, आणि पहिल्या महिन्यातच त्याच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या. पत्त्यांच्या खेळात दर फ्रेमला हजारो वस्तू हलत नाहीत, त्यामुळे तिथे वेगाचा प्रश्न फारसा येत नाही.

यंत्र, आयुष्य आणि पहिली पायरी

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमसाठी जावास्क्रिप्ट किंवा तिचे टाइपस्क्रिप्ट हे रूप स्वाभाविक ठरते. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' 2021 मध्ये फेझर या जावास्क्रिप्ट चौकटीवर सुरू झाला. लुका गलान्ते यांना तो झटपट बनवून लोकांपुढे ठेवता आला आणि 2023 मध्ये त्याने बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळवला. पण शेकडो शत्रू एकाच वेळी अंगावर येणे हेच त्या खेळाचे मर्म, आणि तिथेच वेग घसरे. 2023 मध्येच तो युनिटीवर हलवण्यात आला. आधी जावास्क्रिप्ट घेतली ही चूक मानता येणार नाही. खेळ लोकांना आवडतो हे कळल्यावरच स्थलांतराचा खर्च करण्यात अर्थ होता. 2017 पासून प्रमुख ब्राउझर वेबअसेम्ब्लीही चालवतात, त्यामुळे सी प्लस प्लस किंवा रस्टमधला कोड ब्राउझरमध्ये नेण्याची वाट मोकळी आहे. प्लेस्टेशन किंवा निन्टेंडोसारख्या कन्सोलवर मात्र निर्मात्याची गोपनीय साधने करार करूनच मिळतात आणि ती प्रामुख्याने सी व सी प्लस प्लससाठी घडवलेली असतात. दुसरी भाषा तिथपर्यंत न्यायची तर इंजिनाचा किंवा जाणकार कंपनीचा आधार घ्यावा लागतो.

भाषेचे आयुष्यही मोजावे लागते. फ्लॅश हे तंत्र आणि त्याची ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा यांनी ब्राउझरमधल्या गेमांची एक सबंध पिढी घडवली, पण 31 डिसेंबर 2020 नंतर अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा थांबवला. त्यानंतर ते गेम जतन करण्यासाठी फ्लॅशची नक्कल करणारे प्रोग्रॅम लिहावे लागले. एक्सएनएही मायक्रोसॉफ्टने सोडून दिले, पण चाहत्यांनी मोनोगेम आणि एफएनए या खुल्या आवृत्त्या उभ्या केल्यामुळे 'स्टारड्यू व्हॅली'ला नवे घर मिळाले. ज्या भाषेचा किंवा चौकटीचा कोड खुला असतो तिला मालकाने टाकले तरी कुणीतरी सांभाळू शकते.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत अनेक विद्यार्थ्यांचा पहिला गेम अजिबात इंजिन न वापरता झालेला आहे. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ग्राफिक्सची हेडर फाइल जोडायची, की दाबली का ते 'केबीहिट'ने बघायचे, सापाचे एक घर पुढे काढायचे, शेपटीचे पुसायचे आणि 'डिले' देऊन पुन्हा वर जायचे. हा साप गेमचे मूळ चक्र नीट शिकवतो. त्यातली एक खोटही शिकण्यासारखी आहे. 'डिले' ठरावीक असतो, पण चित्र काढायला लागणारा वेळ यंत्रागणिक बदलतो. त्यामुळे एका कॉम्प्युटरवर रेंगाळणारा साप दुसऱ्यावर सुसाट सुटतो. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजून त्या प्रमाणात सापाला पुढे न्यायचे, हा त्यावरचा उपाय, आणि तो सीमध्ये शिकला तरी युनिटीत किंवा गोडोत तसाच लागू पडतो. सी येत असलेल्या विद्यार्थ्याला सी शार्प किंवा जीडीस्क्रिप्ट आत्मसात करायला काही आठवडे पुरतात. सदिश, त्रिकोणमिती आणि मेमरीची समज यांना मात्र अधिक काळ द्यावा लागतो आणि ती प्रत्येक भाषेत उपयोगी पडते.

निवड पक्की करण्याआधी एक छोटी चाचणी घेतलेली बरी. गेमचा सर्वांत गर्दीचा प्रसंग ओबडधोबड स्वरूपात बनवायचा: चौकोनांचेच शत्रू, वर्तुळांच्याच गोळ्या, पण संख्या खऱ्या गेममध्ये असेल तेवढी. तो प्रसंग प्रोग्रॅमरच्या महागड्या कॉम्प्युटरवर न चालवता, ज्यांच्यासाठी गेम आहे त्यांच्याकडे असेल त्या स्वस्त फोनवर किंवा जुन्या लॅपटॉपवर चालवायचा आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवायचा. सरासरीवर भिस्त ठेवू नये. मिनिटभरातल्या 3600 फ्रेमपैकी 3590 वेळेत झाल्या आणि दहांना 100 मिलिसेकंद लागले तर सरासरी चांगलीच दिसते, पण खेळणाऱ्याला दहा झटके बसलेले असतात. त्या दहा फ्रेममध्ये काय चालले होते ते, कुठे किती वेळ गेला हे दाखवणाऱ्या प्रोफाइलरमध्ये बघायचे. मेमरीची सफाई दिसली तर कचरा कमी करायचा. एखादे फंक्शन जड निघाले तर तेवढेच सी प्लस प्लसमध्ये किंवा इंजिनाच्या तयार सोयीकडे हलवायचे. बाकीचा कोड आहे त्या भाषेत राहतो.